आसन क्रमांक शून्य

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये मी सोळा वर्षं कॉम्प्युटरवर बसून पत्रिकांचा मजकूर जुळवला. मग लोक फोनवरच पत्रिका पाठवायला लागले. एक दिवस मालकांनी मला समोर बसवून चहा पाजला आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. घरी बसून करायचं काय, म्हणून प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. एक माणूस व्हिडिओमध्ये भरभर हिंदी बोलत शिकवायचा. मी वहीत लिहून घ्यायचे. दीड महिन्यात मला एक खिडकी उघडता यायला लागली, तिच्यात एक बटण ठेवता यायला लागलं, आणि ते दाबलं की काहीतरी व्हायचं. मला वाटलं, झालं, आता मला येतं.

घाटकोपर पूर्वेला आमच्या वसाहतीतल्या विहाराच्या वर एक अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, पाठीवर ऑइलपेंटने रंगवलेले एक ते चाळीस आकडे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली सकाळी सातला रांग लावायची आणि रोज जागेवरून भांडायची. कोणी रुमाल टाकून जागा धरायचं, कोणी पाण्याची बाटली. एकाने तर एक चप्पल ठेवलेली. अभ्यासिका सांभाळणारे काका बसचे निवृत्त कंडक्टर, देवनार डेपोत अख्खी नोकरी काढलेले. ते कमिटीच्या बैठकीत म्हणाले, "मला तिकीट द्यायची सवय आहे. ह्यांना तिकीट मिळालं की हे गप बसतील."

विहाराला कोणीतरी दान दिलेला एक जुना कॉम्प्युटर होता. मी हात वर केला आणि म्हणाले, "मी सॉफ्टवेअर करून देते." आयुष्यात तोपर्यंत मी एकही सॉफ्टवेअर केलेलं नव्हतं.

तीन आठवड्यांत केलं. आपलं नाव निवडायचं, 'जागा द्या' हे बटण दाबायचं, आसनाचा क्रमांक येणार. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर ते झकास चालत होतं. मी, माझा नवरा आणि शेजारीण, तिघांनीही दाबून बघितलं होतं.

विहारात चाललं नाही. दोनदा क्लिक केलं, काहीच झालं नाही. चूक दाखवणारा साधा संदेशसुद्धा आला नाही, कारण चूक झाली तर गप्प बस, असं मीच त्या प्रोग्रामला लिहून ठेवलं होतं. संदेश आले की मला भीती वाटायची, म्हणून.

"गाडी सुरूच होत नाहीये," काका म्हणाले.

दोन तासांनी मला कळलं. नावांची यादी मी घरी 'डी' ड्राइव्हवर ठेवली होती आणि तोच पत्ता प्रोग्राममध्ये लिहिला होता. विहाराच्या कॉम्प्युटरला 'डी' नावाचं काही नव्हतंच. सीडीची जागा होती तिथे नुसतं भोक होतं, त्यात काका पेनं ठेवायचे. मी यादी एका पेनड्राइव्हवर टाकली आणि तो लावला. कॉम्प्युटरने त्याला 'डी' म्हटलं आणि सगळं चालू झालं.

"तात्पुरतं आहे हं काका."

काकांनी पेनड्राइव्हला नाडी बांधून तो गळ्यात घातला. त्या दिवसापासून ते आले की मशीन चालू, ते जेवायला गेले की बंद. कोणी तक्रार केली तर म्हणायचे, "कंडक्टर नसला तर बस सुटते का?"

पहिल्या सकाळी रांगेत सगळ्यात पुढे एक नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. माहुलला राहायची, रात्रपाळी करून थेट इकडे यायची, खात्याच्या बढतीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिने नाव निवडलं, बटण दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली: 'इथपर्यंत आलो.'

ती माझीच चौकट होती. प्रोग्राम कुठल्या ओळीपर्यंत पोचतो आणि कुठे मरतो हे कळावं म्हणून मी शिकताना तसलं काहीतरी मध्येच टाकायचे. काढायचं राहून गेलं. मी कपाळावर हात मारणार, तोवर सिस्टर पडद्याकडे बघत राहिली होती.

"ताई, हे किती छान लिहिलंय गं," ती म्हणाली. "आठ वर्षं नोकरी करून इथपर्यंत आले. कोणी म्हटलं नव्हतं."

मागच्या मुलाने पण वाकून वाचलं आणि मान हलवली. मी उचललेला हात खाली घेतला.

सिस्टरने ओके केलं आणि आसन आलं: क्रमांक शून्य.

कॉम्प्युटर मोजणी शून्यापासून सुरू करतो, हे व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि विसरले होते. सिस्टर खरोखर शून्य नंबरची खुर्ची शोधत दोन फेऱ्या मारून आली. शेवटी काकांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि दिवसभर उभे राहिले. कंडक्टरला उभं राहायची सवय असते, म्हणाले.

त्या दुपारी मी चूक दुरुस्त करायला बसले. जिथे आकडा यायचा तिथे अधिक एक केलं. मग चाळिसावी खुर्ची मागितली की प्रोग्राम एकेचाळिसावी शोधायला जायचा, ती नसल्याने काही न बोलता बंद पडायचा. घाबरून मी होतं तसं करून ठेवलं. संध्याकाळी जाऊन काकांना सांगणार होते की दोन दिवस द्या. पण काकांनी घरून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली होती आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने गोल शून्य काढत होते.

"काका, मी मशीन सुधारते ना."

"मशीनला कशाला त्रास? खुर्ची काय, रंगवली की झालं."

आता शून्य ते एकोणचाळीस अशा चाळीस जागा मिळायच्या. चाळीस नंबरची खुर्ची मात्र कोणालाच मिळायची नाही. ती पंख्याखाली, खिडकीशी, सगळ्यात चांगली. पहिल्या आठवड्यात एकाने तिथे बसायचा प्रयत्न केला. काकांनी त्याला उठवलं. "मशीनने दिली का तुला? नाही ना? मग ऊठ." दुसऱ्या आठवड्यापासून लोक तिच्याजवळून जाताना आवाज कमी करायला लागले. एका मुलीने मला हळूच विचारलं, ती कोणासाठी राखून ठेवली आहे. मी खरं सांगितलं की माझी चूक आहे. ती म्हणाली, "सांगायचं नसेल तर राहू दे ताई."

ह्या सगळ्यात सगळ्यात मोठा घोळ वेगळाच होता. 'जागा द्या' दाबलं की पूर्ण खिडकी पांढरी पडायची आणि वर 'प्रतिसाद देत नाही' असं यायचं. अर्धा मिनिट तशीच. प्रत्येक वेळी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून लिहून काढायचं काम मी त्या बटणालाच लावलं होतं. ते काम संपेपर्यंत खिडकीला वर बघायलाही फुरसत नव्हती. काकांनी शेजारी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: 'विचार चालू आहे. हात लावू नये.'

एक जण होता, अंधेरीला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला यायचा. त्याने एका रविवारी पुठ्ठा वाचला नाही. खिडकी पांढरी पडल्यावर पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. एकूण सात वेळा. खिडकी गोठलेली असली तरी तिने प्रत्येक क्लिक लक्षात ठेवलं होतं. शुद्धीवर आल्यावर तिने त्याला सात आसनं दिली.

"सहा परत घ्या ना काका," तो म्हणाला.

"काढलेलं तिकीट परत होत नाही."

"मग काय करू?"

"सात काढलीस ना? सात जण आण."

मला वाटलं, काका थट्टा करतायत. त्यालाही तसंच वाटलं असावं, म्हणून तोही हसला. काका हसले नाहीत. मागे रांगेत लोक उभे होते आणि सहा खुर्च्या अडकल्या होत्या. शेवटी त्याने घरी फोन केला. तासाभरात त्याची आई, दोन चुलते, मामी, बहीण आणि खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ असे सहा जण रिक्षा करून आले आणि आपापल्या नंबरवर जाऊन बसले. बोलायला बंदी असल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळे गप्प. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना कोणीतरी भूगोलाचं पुस्तक दिलं, ते त्यांनी संपवलं. आईला जागा आवडली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली, रांगेत उभी राहिली, रीतसर आसन घेतलं आणि तांदूळ निवडत बसली. आवाज होत नव्हता म्हणून काकांनी हरकत घेतली नाही.

दोन महिन्यांत मी बरंच शिकले. जड काम मागच्या बाजूला कसं टाकायचं म्हणजे खिडकी गोठत नाही, ते कळलं. यादीचा पत्ता प्रोग्रामच्या शेजारीच कसा ठेवायचा ते कळलं. चूक झाली तर ती सांगायला हवी, हेही कळलं. मी सगळं नव्याने लिहिलं. आसनं एक ते चाळीस, चौकट काढून टाकली, पेनड्राइव्हची गरज नाही, बटण दाबताच क्षणात नंबर. रविवारी संध्याकाळी जाऊन बसवून आले. खुशीत येताना भजी घेतली.

सोमवारी सव्वासातला काकांचा फोन.

"सगळं एकदम व्यवस्थित चाललंय. लगेच ये."

गेले तर रांग जिन्यापर्यंत होती आणि कोणी बसत नव्हतं. सिस्टरला एक नंबर मिळाला होता आणि ती रडवेली होऊन लाल खुर्चीपाशी उभी होती. तिची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. एका मुलाला चाळीस नंबर आला होता. तो म्हणत होता, "मी नाही बसणार, उगाच नंतर काही झालं तर." बाकीच्यांचं म्हणणं, मशीन आता विचारच करत नाही. तांदूळवाली आई मला म्हणाली, "अगं, दाबलं की लगेच देतंय. बघत पण नाही कोण आलंय ते."

काका गळ्यातल्या नाडीशी खेळत एका बाजूला उभे होते. तेच मला जास्त लागलं.

त्याच दिवशी दुपारी कमिटी बसली. अध्यक्षांनी मला विचारलं, जुनं परत लावायला काय अडचण आहे. मी सांगितलं की जुन्यात चार चुका होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या चुकांनी कोणाचं नुकसान झालं?" मला एकही नाव सांगता आलं नाही. एकमताने ठरलं, जुनं परत लावावं.

आता माझी वाट लागली. जुनं माझ्याकडे नव्हतंच. नव्याने लिहिताना मी जुन्यावरच लिहीत गेले होते आणि प्रत कुठे ठेवली नव्हती. ही पाचवी चूक कोणाला सांगायची लाज वाटली. मग त्या चारही चुका मला पुन्हा हाताने कराव्या लागल्या. पहिल्यांदा त्या आपोआप झाल्या होत्या. मुद्दाम करायला तीन दिवस लागले. शून्य सोपं गेलं. चौकट सोपी गेली. पण गोठण्याची वेळ काही केल्या जमेना. काका माझ्या मागे चहाचा कप घेऊन उभे राहिले.

"दाब."

मी दाबलं. खिडकी पांढरी पडली, मग आली.

"कमी पडतंय. तेव्हा माझा अर्धा कप व्हायचा."

पाच सेकंद वाढवले. "आता जास्त झालं, चहा गार झाला." असं करत करत शेवटी त्यांचा बरोबर अर्धा कप जुळला. ते म्हणाले, "हां. आता तीच गाडी आहे." मला राग यायला हवा होता. त्याऐवजी प्रेसमधून निघाल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याला हे काम खरंच येतं.

सिस्टर परीक्षा पास झाली. तिची बदली बोरिवलीच्या हॉस्पिटलात झाली, जाताना सगळ्यांना पेढे देऊन गेली. सात तिकिटांवाल्याने मला त्याच्या कंपनीत नेऊन उभं केलं. त्यांना चुका शोधणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, किती वर्षांचा अनुभव. मी म्हणाले, चुकांचा ना, भरपूर. त्यांनी ठेवून घेतलं.

काकांनी हल्ली प्रोग्रामिंग शिकायला घेतलंय. मी वही दिली आहे, रविवारी दुपारी आम्ही दोघं त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसतो. गेल्या वेळी त्यांनी स्वतः सात ओळी टाइप केल्या. चालवल्यावर लाल अक्षरांत संदेश आला. चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही, तो हवा आहे.

काकांनी चष्मा वर केला.

"ह्याला माहितीये काय नाहीये ते?"

"हो."

"कुठे नाहीये ते पण माहितीये?"

"हो काका."

"मग हा स्वतःच का टाकत नाही?"

व्हिडिओतल्या माणसाने हे कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी दुसऱ्या दिवशी दोघा इंजिनियरांना विचारलं, तर ते हसले आणि आपापल्या कामाला लागले. त्या दुपारी मात्र मी काकांना एवढंच म्हटलं, "टाका तुम्हीच."

त्यांनी एका बोटाने, फार जपून, तो टाकला.