मन्मथला गप्प बसता आलं नाही

बसूचा फोन आला तेव्हा मी मन्मथवर चिडलेलीच होते. सकाळीच आमचं फोनवर वाजलं होतं. मन्मथ म्हणजे माझ्या पाठचा भाऊ, लातूरला आमचं भांड्यांचं दुकान चालवायचा. त्याचं म्हणणं, 'अक्का, रविवारी तुझ्या भिशीच्या बायका जमतात ना? मी नांदेडला येतो अन् त्यांच्यासमोर जरा बोलतो.' कशावर, तर मूल होत नसेल तर आधी नवऱ्याची तपासणी करा, यावर! मी म्हटलं, 'अरे, त्या बायका घटकाभर हसायला येतात. तू कशाला त्यांना नको ते ऐकवतोस?' तर म्हणे, 'त्यांना फक्त खायला दे. तोंडात घास असला की माणूस मधी बोलत न्हाई.' मी तडकून फोन ठेवला. दुपारी आमच्या सगळ्यांत धाकट्या भावाचा, बसूचा फोन आला. 'अक्का... मन्मथअण्णा गेला. दुकानात बसल्या बसल्या.' पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. लातूरला पोचेपर्यंत गाडीत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की अर्धं भांडण टाकून निघून जायची ही कुठली रीत?

मन्मथच्या पोटात काही राहायचं नाही. गिऱ्हाइकानं न विचारताच सांगायचा, 'मावशी, ह्या पातेल्याचं बूड पातळ हाय, दूध करपंल.' आमचे अप्पा गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचे. पण असा हा बडबड्या माणूस एका गोष्टीवर मात्र वर्षानुवर्षं मूग गिळून बसला, याचा राग मला अजून आहे, आणि मन्मथ गेला म्हणून तो राग मी सोडणार नाही. देगलूरची सुवर्णा लग्न होऊन आमच्या घरी आली, चार वर्षं झाली, पाच झाली, घरात पाळणा हलेना. मग आईचे नवस सुरू झाले, उपास सुरू झाले, कुणी सांगेल तो अंगारा. सोबत दवाखाने. सुवर्णाच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफ्या, एकदा भूल देऊन दुर्बिणीतून तपासणी. प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, मिस्टरांचीही तपासणी करून घ्या, साधी आहे. आणि आमचे मिस्टर? 'बघू. दिवाळी होऊ द्या. लग्नसराई होऊ द्या.' बाहेर बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसायचा, जसा काही सोबतीला आलेला पाहुणा! शेवटी सुवर्णानंच सांगितलं, 'आता मी एकटी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार न्हाई.' तेव्हा कुठं तो नांदेडला आला, कारण लातुरात कुणीतरी ओळखीचं भेटेल ही भीती. शुक्रजंतू नाहीतच, असं निघालं. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. संध्याकाळी आमच्या गच्चीवर बसला होता. मी चहा नेला तर कप हातात धरून म्हणाला, 'अक्का, इतकी वर्षं मी तिला सुया टोचून घ्यायला लावल्या...' मी म्हटलं, 'हे मला काय सांगतोस? खाली ती बसलीय, तिला सांग.' सांगायला गेला खरा. पण रात्री सुवर्णा माझ्याजवळ येऊन झोपली.

आईनं ते रिपोर्ट मानलेच नाहीत. 'आमच्या खानदानात कुणा बाप्यात कधी खोट निघाली का? मशीन चुकली असंल.' पुढं मन्मथनंच तिला कसंबसं पटवलं, डॉक्टर दात्याचं बीज घ्या म्हणतात हेही सांगितलं, तर तिनं लगेच तोड काढली. म्हणाली, दुसऱ्याचंच घ्यायचं तर परक्याचं कशाला? बसू हाय की. घरातलं घरात राहील, कुणाला कळायचं बी न्हाई. आणि मन्मथला, माझ्या शिकलेल्या भावाला, ते पटलं! 'रक्त तर आपलंच ना अक्का,' असं मलाच समजावायला लागला. बसू बिचारा घाबरून चार दिवस घरी जेवायला आला नाही. सुवर्णा तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, 'अक्का, रोज भावजींना जेवायला वाढायचं असतं मला. मी कुठं बघून वाढू? अन् उद्या त्यांनी लेकराला एक चापट मारली, तर ती काकानं मारली म्हणायची का बापानं?' मन्मथ दारात उभा होता. त्यानं ऐकलं. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

दवाखान्यातल्या मॅडमनीही घरातल्या माणसाचा तो मार्ग साफ नाकारला. दाता अनोळखीच असतो, बँकेतून येतो, त्याला तुम्ही ठाऊक नाही आणि तुम्हाला तो नाही. मग त्यांनी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. सुवर्णाला विचारलं, तुझ्यावर कुणाची जबरदस्ती आहे का? मन्मथला विचारलं, उद्या बायकोशी भांडण झालं, तर 'हे माझं नाही' असं तुमच्या तोंडून जाईल का? बाहेर येऊन मला म्हणाला, 'जाईल की न्हाई ते मला सांगता येईना. मी काय देव हाय का?' आणि नुसतं एवढ्यावर एक अख्खं वर्ष घालवलं! सुवर्णाचं वय का थांबलं होतं? ती दत्तकालाही तयार होती. मी फोनवर ओरडायचे, अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण. तो म्हणायचा, 'तू गणिताची बाई हायस, तुला सगळ्याचं उत्तर लगेच पाहिजे.' एक दिवस आपण होऊन सांगितलं, 'दवाखान्यात चल म्हटलं तिला. भांडणात मी काहीही बोलतो, पण हे बोलायचो न्हाई. मी बोलून बघितलं एकट्यात, माझ्यानं ते शब्द काढवंनात.' असला माणूस! दुकान बंद करून, शटर आतून ओढून, भांड्यांसमोर बोलून बघितलं होतं म्हणे.

पहिल्या खेपा वाया गेल्या. नंतर शिवानी झाली. आई तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणायची, 'नाक बघा, सगळं आजोबाचं!' आम्ही खाली मान घालायचो. सुवर्णाची एकच अट होती. शिवानीला कळतं वय येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, आणि सांगायचं ते ती सांगणार, तिच्या तोंडानं. मन्मथ गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून कबूल झाला. मग कळतं वय कुठलं, यावर वाद. तो म्हणे, आत्तापासून गोष्टीसारखं सांगू, मोठेपणी एकदम सांगितलं तर फसवल्यासारखं वाटेल. ती म्हणे, लहान लेकरू शाळेत जाऊन बोलंल, मग पोरं काय म्हणतील? दोघांचंही खरं होतं आणि दोघंही मलाच फोन करायचे. मी एकदा म्हटलं, तुमच्या घरात भिंती नाहीत का? त्यांच्याशी बोला!

आणि मग उदगीरचं ते लग्न. आमच्या एका चुलत्याच्या घरचं. नवरीची ओटी भरायला बायका जमल्या, त्यात चुलत्याची मोठी सूनही पुढं झाली. तिला मूल नव्हतं. चुलत्यानं पंगतीच्या मधून आवाज टाकला, 'तू सर मागं. तुझ्या हातानं ओटी नको.' ती पोर तबक घेऊन तशीच उभी राहिली. सगळ्यांनी पत्रावळीत डोळे घातले. मन्मथ माझ्या समोरच्या पंगतीत जेवत होता. मी त्याच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. पण तो उठलाच, भाताचा हात तसाच. 'काका, तिला कशापायी बोलायलाव? आधी तुमच्या पोराला दवाखान्यात न्या. मलाबी मूल होत नव्हतं. खोट माझ्यात होती, सुवर्णात न्हाई. आमची शिवानी दात्याच्या बीजापासून झालीय, दवाखान्यात. काय आभाळ कोसळलं?' वाढप्याच्या हातातली वरणाची बादली हलायची थांबली. आणि पलीकडं, चुलत बहिणींच्या घोळक्यात, सातवीतली शिवानी जेवायला बसली होती.

परत येताना ती हट्टानं माझ्या गाडीत बसली. लातुरात शिरल्यावर तिनं विचारलं, 'आत्या, पप्पा खरं बोलले?' मी हो म्हटलं. तर म्हणाली, 'मग माझ्याआधी पंगतीला कळलं.' त्या सुनेसाठी तो उठला हे चांगलं केलं, असं पुढं पुष्कळ जण म्हणाले. मलाही ते कळतं. पण त्याच्याकडं स्वतःचं दुखणं होतं ते सांगायला, शिवानीचं कशाला सांगितलं? 'खोट माझ्यात होती' इथं थांबला असता तरी भागलं असतं. मी हे त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, 'अर्धं सांगितलं असतं तर लोकांनी सुवर्णावर घेतलं असतं, की पोर मग कुठून आणली.' हेही खरंच. त्याचं हे असंच असायचं. चूक करायचा आणि वर त्याच्याकडं कारणही असायचं.

सुवर्णा कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. शपथ मोडली ती तिला दिलेली, याचं तिला जास्त लागलं. शिवानीनं त्याला हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहायची. आणि हा तिच्या मागं मागं, समजावत. जेवताना समजावणं, स्कूटरवर शिकवणीला सोडताना समजावणं. एकदा माझ्यासमोरच तिनं विचारलं, 'त्या माणसाला मी शोधू शकते का?'

'न्हाई बाळा. नाव सांगत न्हाईत.'

'म्हणजे मला कधीच कळणार नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवून टाकलं. मला न विचारता.'

'तुला विचारायला तू होतीस कुठं?'

'तेच म्हणते मी,' शिवानी म्हणाली आणि दार लावून घेतलं. मन्मथ माझ्याकडं वळला. म्हणाला, 'अक्का, ह्याला काही उत्तर हाय का?' मी म्हटलं, नाही. काही गोष्टींना नसतं, आणि तू कृपा करून आता शोधत बसू नकोस. पण ऐकेल तर तो मन्मथ कसला... पुढं हळूहळू ती पुन्हा 'पप्पा' म्हणायला लागली. पूर्वीसारखं नाही, जरा जपून, जसं नव्या भांड्याला हात लावतात तसं. तेवढ्यावरही तो खूश होता.

मन्मथला माती द्यायच्या वेळी कुजबुज झाली की विधीला पुढं कोण बसणार. कुणी बसूच्या मुलाचं नाव घेतलं. कुणीतरी हळूच 'रक्ताचं' हा शब्द उच्चारलाच. तेव्हा भिंतीला टेकून बसलेली माझी ऐंशीच्या घरातली आई म्हणाली, 'शिवानी बसंल. त्याची लेक हाय ती.' विधी करणाऱ्या स्वामींनी मान डोलावली आणि शिवानी पुढं झाली. लोकांना आईचं कौतुक वाटलं. मला मात्र तिला गदागदा हलवावंसं वाटलं. अगं, हेच वाक्य उदगीरहून आल्यावर बोलली असतीस तर तो दोन घास जास्त जेवला असता! त्या लग्नापासून तू त्याच्यासोबत जेवायला बसली नव्हतीस...

परवा लातूरला गेले होते. सुवर्णाच्या बाहेरच्या खोलीत दिवाण आहे आणि दोन खुर्च्या. त्या लग्नानंतर या खोलीत माणसं यायला लागली होती, जोडीनं, अवघडून. त्या चुलत्याचा मुलगाच पहिला आला होता, एकटा. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं. मन्मथ पाणी विचारायच्या आधी नवऱ्याला विचारायचा, 'तुमची तपासणी झाली का?' सुवर्णा तेव्हा आत भांडी आपटत असायची. परवा जळकोटकडचं एक जोडपं आलं. तो गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कळल्यावर ती बाई ओशाळून उठायला लागली, तर सुवर्णाच म्हणाली, 'बसा. एवढ्या लांबून आलाव.' आणि दिवाणावर, त्याच्या जागी बसून, त्या माणसाला विचारलं, 'तुमची तपासणी झाली का?' तो पायाच्या बोटांकडं बघायला लागला. त्याच्या बायकोनंच विचारलं, 'वैनी, तसं काही करायची पाळी आली... तर लेकराला सांगायचं असतं का?'

शिवानी आतून पाणी घेऊन आली होती, दारातच उभी. ती म्हणाली, 'सांगा. तुम्हीच सांगा. अन् ते चिडलं तर चिडू द्या थोडे दिवस. आमचे पप्पा लई समजावत बसायचे.'

सुवर्णानं सरकून दिवाणावर तिला जागा केली.