अकरा काट्यांवरची सही

वजनकाट्यांच्या कारखान्यात शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंना सगळे काटेबाईच म्हणत. चोवीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय एकही काटा बाहेर पडला नव्हता. लग्न राहूनच गेलं. घरी एक खोली, एक खाट आणि रविवारी धाकट्या बहिणीचा फोन.

एके काळी या कारखान्यात चिकटणं म्हणजे गंगेत घोडं न्हाणं. छातीवरचा बिल्ला बघून दुकानदारसुद्धा अदबीनं बोलत. मग नवे मालक आले आणि एका सकाळी साठ जणांना फाटकावरच कामावरून काढल्याची पत्रं देऊन परत पाठवलं. गावभर बोभाटा झाला. माणसं बिल्ला खिशात घालून बसमध्ये चढू लागली. नवी येत ती दुसरीकडे लागेपर्यंतच. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "काटेबाई, इथं कशाला जीव ओतायचा? उद्या आपल्यालाही पत्र."

"काट्याला कुठं कळतं मालक कोण ते," काटेबाई म्हणाल्या.

त्या रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनी भाचीला विचारलं, "आमच्याकडे जागा आहे. शब्द टाकू? माझ्याकडेच राहशील." दुसरी खाट कुठं मावेल, हे त्यांनी आधीच मापून ठेवलं होतं.

"मावशी, रागावू नकोस," भाची म्हणाली, "पण तिथं काम केलंय म्हटलं की पुढं कुणी दारात उभं करत नाही."

सोमवारी हात चालत होते, मन नव्हतं. पाच वाजता त्यांच्या लक्षात आलं, काटा तपासायचं मोठं वजन दुपारपासून पेटीतून काढलंच नाही. तोवर अकरा काट्यांवर सही झाली होती.

काटेबाई विभागाच्या साहेबांकडे गेल्या. "अकरा काटे परत तपासायला हवेत."

"जाऊ द्या हो, कोण बघतंय?" साहेबांनी मानही वर केली नाही. हेच साहेब पूर्वी एका काट्यासाठी ट्रक थांबवत.

काटेबाईंनी एकटीनं खोकी उघडली. शेजारची मुलगी पिशवी घेऊन क्षणभर घुटमळली, मग बस चुकेल म्हणून निघाली. दोन काटे खोटे निघाले. त्यांवरची आपली सही त्यांनी नखानं खरवडून काढली.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला. पण बहिणीला सांगायचं तरी काय? त्यांनी तो ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मात्र नेहमीसारख्या कुणात मिसळल्या नाहीत. टेबलावरच डबा उघडला. पुढची सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्या तिथंच जेवल्या.