उजव्या बाजूची सावली

पेंटरआजोबांनी आयुष्यभर इमारती बाहेरून रंगवल्या, आणि त्यातल्या एकाही भिंतीला त्यांनी उन्हात ब्रश लावला नाही. उन्हात रंग लावला की तो घाईने वाळतो आणि पुढच्या वर्षी त्याचे पोपडे निघतात, हे प्रत्येक रंगाऱ्याला ठाऊक असतं. आजोबा ते पाळतही असत. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी जिन्यातलं काम, उन्हं कलली की पूर्वेची भिंत. घरमालक म्हणायचे, "अहो, समोरची बाजू आधी करा ना, पाहुणे यायचेत." आजोबा सूर्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "त्यांना विचारा."

काम सोडल्यावरही हा स्वभाव गेला नाही. भाजी आणायला सकाळी ते एका फुटपाथने जात, संध्याकाळी दुसऱ्याने. बसमध्ये चढण्याआधी ती कुठे वळणार आहे ते विचारून घेत आणि त्याप्रमाणे खिडकी धरत. आजी होत्या तेव्हा म्हणायच्या, "यांच्याबरोबर लग्नाला जायचं म्हणजे मांडवात आधी दिशा बघायच्या, मग नवरानवरी."

अशा माणसाच्या हातून नातवाला ऊन लागावं, याला काय म्हणायचं? पण लागलं. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही नातवंडांना घेऊन ते प्राणिसंग्रहालयात गेले होते. सगळा रस्ता झाडांखालून आखला होता. पण हत्ती सावलीत होता आणि त्याला बघायची रांग उन्हात होती. धाकटा पाच वर्षांचा. संध्याकाळी त्याला सलाईन लावावं लागलं.

लेक तेव्हा काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर सुट्टी लागली की मुलांना कसले ना कसले क्लास निघू लागले. पूर्वी मुलं सुट्टीभर आजोबांकडे राहायची. आता आजोबांकडे त्यांची दोन उशांची जोडी तेवढी राहत होती. मुलांनी पुन्हा राहायला यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ती बोलून दाखवण्याची सोय नव्हती.

मग जावयाच्या कंपनीने सगळ्यांना जहाजाची सफर दिली आणि लेकीने वडिलांनाही बरोबर घेतलं. जावई सफरीवर होते म्हणजे मीटिंगमध्ये होते. भर समुद्रात माणसं एका खोलीत बसून पडद्यावरचे तक्ते कसे बघतात, हे आजोबांना कळलं नाही. आजोबांची खोली जहाजाच्या पोटात होती, बिनखिडकीची. लेकीची वरच्या मजल्यावर, गॅलरी असलेली.

पहिलं बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी दोघांना गावात फिरवून आणाल? मला जरा झोपायचंय. या दोघांनी रात्रभर लाथा मारल्यात."

"आणतो की," आजोबा म्हणाले, जणू रोजच विचारलं जातं.

"खूप ऊन असतं म्हणे तिथे."

"असू दे."

लेकीने धाकट्याची टोपी दोनदा नीट केली, आणि टोपी तर खुंटीवर होती.

आजोबा मुलांसह खोलीत येऊन जहाजाने वाटलेला नकाशा घेऊन बसले. खाली समुद्र, वर गाव. धक्क्यावरून एक सरळ रस्ता वर जात होता आणि त्याच्या टोकाला चौकात कारंजं होतं. मुलं पाण्यात खेळू शकतात, असं शेजारी छापलं होतं. आजोबांनी पेन्सिल काढली आणि रस्त्याची उजवी बाजू काळी करायला घेतली.

"हे काय?" नात म्हणाली. ती नऊ वर्षांची, आणि तिला फसवणं अवघड.

"सावली. सकाळी सूर्य पूर्वेला. पूर्वेकडच्या घरांची सावली त्यांच्याच पायाशी. आपण उजवीकडून चालायचं."

"नकाशात सावली नसते आजोबा."

"म्हणून तर लोकांना चक्कर येते."

धाकट्याने विचारलं, "कारंज्यात पोहता येतं?"

"भिजता येतं."

"मग चड्डी कुठली घालू?"

यावर बराच ऊहापोह झाला. आजोबांनी लिंबू, मीठ आणि साखर घातलेलं पाणी, ओले पंचे, टोप्या, जादा टोप्या अशी तयारी केली. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी. नकाशा तेवढा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी जन्मभर इंजिनिअरांचे नकाशे पाहिले होते आणि त्यांत उत्तर दिशा वर असते.

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. तिघे उतरले, एका लांबलचक शेडमधून चालत फाटकाबाहेर आले आणि रस्त्याच्या तोंडाशी उभे राहिले. सूर्य त्यांच्या बरोबर पाठीमागे, समुद्रावर होता आणि सबंध रस्ताभर सरळ ऊन ओतत होता. उजवीकडे सावली नव्हती. डावीकडेही नव्हती. एक कुत्रं दिव्याच्या खांबाच्या सावलीत उभं होतं, कारण बसण्याइतकी ती रुंद नव्हती.

छापणाऱ्याने समुद्र कागदाच्या खालच्या कडेला बसवला होता. प्रवाशांना तसं सोपं जातं. समुद्र खरं म्हणजे पूर्वेला होता.

आजोबा चालू लागले. निघालेलं पाऊल मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. दूर चौकात काहीतरी चमकत होतं, ते कारंजंच असावं. कुत्र्याच्या खांबापाशी आल्यावर त्यांनी धाकट्याची टोपी उचलून डोक्यावर हात ठेवला. डोकं तव्यासारखं झालं होतं.

"चला माघारी," ते म्हणाले.

"आत्ता तर आलो," नात म्हणाली.

"रस्ता चुकीच्या दिशेला आहे."

"रस्ता, की तुम्ही?"

"मी," आजोबा म्हणाले.

धाकट्याने मुळीच आरडाओरडा केला नाही. तो फक्त रस्त्यात बसला. "मी कारंज्याची चड्डी घातलीय," त्याने सांगितलं. आजोबांनी त्याला त्या चड्डीसकट उचललं.

शेडमधून पुन्हा धक्क्यावर आले आणि एकदम गार वाटलं. आजोबांनी वर पाहिलं. दहा मजली इमारतीएवढं जहाज सूर्याच्या आड उभं होतं आणि सबंध धक्का त्याच्या सावलीत होता. एवढी मोठी भिंत त्यांनी आयुष्यात रंगवली नव्हती. काखेत कळसा म्हणतात, तो हा. आपण याच सावलीतून चालत उन्हात गेलो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

जवळच एक माणूस कठड्याला पिवळा रंग देत होता. आजोबांनी ब्रशचा हात बघितला आणि हिंदीत विचारलं, "कठडा नेमका आजच काढलात?"

"जहाज असलं की कठडा," तो हात न थांबवता म्हणाला. "नसलं की गोदामामागची भिंत. रंगाऱ्याला साहेब एकच, तो वर."

आजोबा त्याच्या शेजारी बसले. दोघांचं प्रायमर या विषयावर पटलं नाही, त्यामुळे ओळख चटकन झाली. जरा वेळाने त्याने दोन जुने ब्रश आणि बादलीभर पाणी मुलांपुढे ठेवलं. मुलं काँक्रीटवर पाण्याने रंगवायला लागली. सावलीत काढलेला मासा टिकायचा, उन्हात शेपूट गेलं की शेपूट नाहीसं व्हायचं. धाकट्याला हे फार आवडलं. तो शेपटाकडे सरकायचा आणि आजोबा त्याला कॉलरला धरून आत ओढायचे.

लेक खाली आली तेव्हा धाकटा बादलीत बसला होता.

"झोपणार होतीस ना?" आजोबा म्हणाले.

"होते. गॅलरीतून बघत होते." तिने हाताच्या मागच्या बाजूने धाकट्याची मान चाचपली, मग कपाळ. दोन्ही गार होती. "गावात नाही गेलात?"

"गेलो होतो. पहिल्या खांबापर्यंत."

"आजोबांचा नकाशा उलटा होता," नात म्हणाली.

"उलटा नाही, आडवा," आजोबा म्हणाले. "उलटा असता तर बरं. दुसऱ्या फुटपाथला गेलो असतो."

लेक हसली नाही. ती वडिलांकडे बघत होती. "आणि परत फिरलात? तुम्ही?"

"फिरलो."

ती धाकट्याच्या पाण्याने काढलेल्या माशाला वळसा घालून जहाजाच्या जिन्याकडे निघाली. "मी जरा पडते," ती म्हणाली. "जेवायच्या वेळेला या." टोपीबद्दल ती काही बोलली नाही.

थोड्या वेळाने नातीने वर बोट केलं. गॅलरीचा पडदा ओढून घेतलेला होता.

"आई आता बघत नाहीये," ती म्हणाली.

"नाही," आजोबा म्हणाले. सूर्य चढत होता आणि सावली आखडायला लागली होती. त्यांनी नातवासकट बादली हातभर आत ओढली.