मास्तरांचं बिनठशाचं खोगीर

घोडेस्वारीच्या शाळेत खोगिरांची खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. नवरा गेल्यावर त्या इथे कामाला लागल्या आणि कातड्याला तेल चोळता चोळता म्हाताऱ्या झाल्या.

एकदा चोरांनी कुलूप फोडून खोगिरं, लगाम, हाताला लागेल ते नेलं. पोलिसांनी आधी मावशींनाच फैलावर घेतलं. त्या सुटल्या, पण येणाऱ्या-जाणाऱ्याची संशयी नजर काही सुटेना. मग मालकीणबाईंनी लोखंडी ठसे आणले. प्रत्येक खोगिराच्या आतल्या बाजूला शाळेची खूण आणि आकडा ठोकायचा, म्हणजे माल कुठेही सापडला तरी ओळख पटेल. तेही काम मावशींच्याच गळ्यात पडलं.

घोडेस्वारी शिकवणारे म्हातारे मास्तर तेवढे अडून बसले. त्यांचं खोगीर वडिलांनी स्वतः शिवलेलं.

"डाग द्यायला ते काय जनावर आहे?"

"अहो, आतून ठोकते. दिसायचंसुद्धा नाही."

"मला माहीत असेल ना!"

वाद घालायचं मावशींच्या अंगात त्राण नव्हतं. त्यांनी ते तसंच ठेवून दिलं.

पुन्हा चोरी झाली. या वेळी पोलिसांना एका गुदामात बऱ्याच तबेल्यांचा माल सापडला. मावशी आणि मास्तर चौकीत गेले. ठशाची खोगिरं लगेच हवाली झाली. मास्तरांनी आपलं खोगीर ढिगातून बरोबर ओढून काढलं. पण दुसऱ्या एका तबेलेवाल्यानेही ते आपलंच म्हणून सांगितलं होतं.

"खूण काय?" हवालदाराने विचारलं.

"माझ्या वडिलांची शिलाई आहे."

"शिलाई सगळ्यांनाच असते, आजोबा."

मास्तर मावशींकडे बघत राहिले. 'ठसा होता, झिजला असेल,' हे शब्द मावशींच्या अगदी ओठांवर आले. पण चोरीचा आळ एकदा सोसलेल्या बाईला पोलिसांपुढे खोटं बोलायचा धीर होईना.

"त्यांचंच आहे हो. रोज मीच पुसते," एवढंच त्या म्हणाल्या.

हवालदाराने खोगीर परत ढिगावर ठेवलं.

दोघं बसने परतले. उतरताना मास्तर पुटपुटले, "तुम्ही सांगितलं होतं."

"जाऊ द्या आता. पायरी बघा."

खोगीर कुणाचं, याचा कोर्टातला निकाल लांबत गेला. खोगीर काही आलं नाही. मास्तर आता शाळेचं एक जुनं खोगीर वापरतात. नवा माल आला की न बोलावता खोलीत येतात आणि हातोडी उचलतात. मावशी ठसा धरतात.

"सरळ धरा जरा."

"तुम्ही माझं बोट सांभाळा म्हणजे झालं."