पाणी ठेवून, मंग

एक काम पुरं करून मग दुसऱ्याला हात लावणारा माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात एकच आहे, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. बाकीचे आम्ही सगळे सगळंच एकदम करतो. आम्ही फोनवर बोलत जेवतो, जेवता जेवता बातम्या बघतो आणि हात धुताना बायकोला विचारतो, आज भाजी कसली होती? खालच्या काकांचं तसं नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तरुणपणी एकदा मशीन चालू असताना मागच्या माणसाशी बोलायला वळले आणि डाव्या हाताची अर्धी करंगळी देऊन बसले. पुढे नवीन मशीन बसवायला जपानहून एक साहेब आला, तो दोन वर्षं राहिला. बटणाकडे आधी बोट दाखवायचं, मोठ्यानं बोलायचं आणि मगच ते दाबायचं, हे त्यानं काकांना शिकवलं. शिवाय जपानीही शिकवलं. म्हणजे सगळं नव्हे. एक क्रिया झाली की दुसरी होते, हे जपानीत कसं सांगायचं, एवढंच काकांना येतं, पण ते असं येतं की साहेबानंही ऐकत राहावं. "आपलं 'ऊन' हाय ना रे, करून, खाऊन, जाऊन? तसं त्यांचं 'ते'," असं त्यांनी मला जिन्यात अडवून समजावलं आहे. "ताबेते म्हणजे खाऊन. पण त्यात जरा ढिलाई राहती. त्याच्यापुढं 'कारा' लावलं की पक्कं. ताबेते कारा. खाऊन झाल्यावरच मंग पुढचं. पहिलं झाल्याबिगर दुसऱ्याला हात लावायचा नाय!" माझ्या हातात तेव्हा दुधाची पिशवी होती आणि ऑफिसची वेळ टळून गेली होती.

काका घराबाहेर पडतात तोही एक सोहळाच असतो. दिव्याकडे बोट दाखवून "केशिते कारा", म्हणजे विझवून मग. दाराकडे बोट दाखवून "शिमेते कारा", म्हणजे लावून मग. मग कुलूप, मग किल्ली, मग किल्ली ठेवलेला खिसा, आणि प्रत्येकाला बोट. एकदा त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी औरंगपुऱ्यात गेलो होतो. ऐन गर्दीत मी सहज विचारलं, "काका, काकू बऱ्या आहेत ना?" काकांनी स्कूटर कडेला घेतली, बंद केली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, माझ्याकडे वळून "व्हय" म्हणाले, आणि मग हेल्मेट घालून पुन्हा सुरू केली. मागचे रिक्षावाले मराठीत, हिंदीत आणि दखनीत जे काही बोलले ते मी इथं लिहीत नाही. लग्नात तर कहरच. मंगलाष्टकं पूर्ण म्हणून झाल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. त्यामुळे वाजंत्री वाजून, हार घालून होऊन, सगळी मंडळी जेवणाकडे पळाली की काका एकटेच मूठ उघडतात आणि बेसावध नवरा-नवरीवर तांदळाचा मारा करतात. काकूंना विचारलं, तुमचं लग्न कसं जमलं? तर म्हणाल्या, "आधी चहा पिऊन, मंग मला बघून, मंग परत चहा पिऊन होकार दिला यांनी. चहाला दिला का मला, अजून कळलं नाय."

तो चहा काकूंचाच होता आणि आजही आहे. चार वाजता खालून आलं ठेचल्याचा आवाज आला की आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना काकांकडे काही ना काही काम निघतं. गेल्या गणपतीत मी सगळ्यांसमोर काकांची नक्कल केली. बोट नाचवत, केशिते कारा, शिमेते कारा करत हशा पिकवला. सगळ्यांत जास्त काकूच हसल्या.

नंतर एकदा चहात मीठ आलं. सगळ्यांनी तो तसाच प्यायला. मग एक दिवस गॅसवर दूध ठेवून काकू खाली बाकावर येऊन बसल्या, ते धूर दिसेपर्यंत. पुण्याला राहणारी त्यांची मुलगी धावत आली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि जे नाव ऐकायचं नव्हतं तेच डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी म्हणाली, आता आई गॅसजवळ जाणार नाही, स्वयंपाकाला बाई लावू, चहाही तीच करील. काकू एवढंच म्हणाल्या, "माझा चहा काढून घेता, तर मंग मी या घरात कोण?" काकांनी मुलीकडे पंधरा दिवस मागून घेतले.

त्या पंधरा दिवसांत खालून काकांचा आवाज वाढला. रोज चारला तेच, "पाणी ठेवून..." मला वाटलं, बिचाऱ्यांचं डोकं फिरलं. मी जिन्यात पुन्हा एकदा नक्कलही केली. देव मला माफ करो. मग एका दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. काका स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. कशालाही हात लावत नव्हते. पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी ठेवून..." आणि गप्प झाले. काकूंनी पातेल्याकडे बघितलं, डब्यांकडे बघितलं. "मंग साखर," म्हणाल्या आणि साखर घातली. "साखर घालून..." काका म्हणाले. "मंग आलं." काका फक्त अर्धंच वाक्य बोलत होते. उरलेलं अर्धं त्यांनी काकूंसाठी ठेवलं होतं. मी डबा खाली ठेवला आणि वर आलो. बायकोनं विचारलं, डोळे का लाल झालेत?

मुलगी आली त्या रविवारी काकांनी मलाही बोलावलं. काकूंनी पाणी ठेवलं, साखर घातली, आलं ठेचलं. "आलं टाकून..." काका म्हणाले. काकू थांबल्या. चमचा हातात तसाच राहिला. पाणी उकळत होतं. मुलगी उठून पुढे झाली, तसं काकांनी अर्ध्या करंगळीचा हात वर करून तिला थांबवलं. काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि दटावलं, "तू आधी बस बरं. बसून मंग चहा." आणि चहापत्तीचा डबा उघडला. मुलगी बसली. बाईला तिनं फक्त सकाळचं काम सांगितलं.

आता काकूंना दुसरं अर्धं पटकन सापडत नाही. परवा मी समोरच बसलो होतो. "पाणी ठेवून..." काका म्हणाले आणि थांबले. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. माझ्या जिभेवर 'साखर' आली होती, ती मी गिळली. पाणी आटत आटत तळाला गेलं. काका उठले, पातेल्यात पुन्हा पेलाभर पाणी ओतलं, स्टुलावर येऊन बसले, आणि पहिल्यांदाच म्हणत असावेत तसं म्हणाले, "पाणी ठेवून..."

चारचा चहा त्या दिवशी सव्वापाचला झाला. काकूंनी केला.