चेहरा दिसला पाहिजे

लेओकादियाला भांडकुदळ म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या जागी कॅमेऱ्यामागे उभं राहून दाखवावं. मी तिची केबल ओढायचे, म्हणून सांगते. संताप येणार नाही तर काय होईल?

मेक्सिकोतल्या पुएब्लात आमच्या वस्तीत सणाच्या दिवशी अबुंदिओ भर रस्त्यात साउंड लावतो. कुंबियाची नाचगाणी वाजवतो आणि गाणं चालू असतानाच माईकवरून नमस्कार वाचतो, अमक्याच्या आईकडून न्यूयॉर्कच्या तमक्याला. आमची निम्मी वस्ती तिकडे भांडी घासते. कागदपत्रं नाहीत, एकदा इकडे आलं की परत जाता येत नाही. म्हणून ती माणसं फोनवर आमचा नाच थेट बघत बसतात, आणि इकडची माणसं त्यांचं नाव लिहिलेला पुठ्ठा तोंडाशी धरून नाचतात. ते सगळं लेओकादिया दाखवायची.

पुठ्ठा पांढराशुभ्र. कॅमेरा ऑटोवर असला की त्या पांढऱ्यावरून उजेड ठरवतो, आणि मागचा आमचा सावळा चेहरा काळाठिक्कर. नाव झकास, माणूस गायब! पण ऑटोला हात लावायचा नाही, असा अबुंदिओचा हुकूम. मग ही बया अंड्यांची खोकी कापून खाकी पुठ्ठे वाटायला लागली. त्याच्यावर नावही वाचता यायचं आणि चेहराही दिसायचा. तर लोकांना अपमान वाटला.

"माझ्या पोराचं नाव अंड्याच्या खोक्यावर लिहू?"

"लिही. नाव त्याला पाठ आहे, तुझं थोबाड विसरलाय तो!"

ओतिलियाबाईने तर खाकी पुठ्ठ्याला कधी हातच लावला नाही. ही मक्याचे वाफवलेले तामाले विकणारी म्हातारी. नवरा गेला तेव्हा तिचा फेर्मिन येऊ शकला नाही, आणि ही रागाच्या भरात त्याला फोनवर बोलली, "बापाच्या मयतीला न येणारा माझा पोरगा नाही." तेव्हापासून त्याने तिचा फोन घेतला नाही. पण आमचा नाच तो चुकवत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून वर्षानुवर्षं ती फेर्मिनचं नाव पांढऱ्यावर लिहून नाचायची, आणि त्याला दिसायची नावामागची एक काळी आकृती.

यंदा अबुंदिओने कहर केला. कुठल्याशा गादीवाल्याने दुकानाचं नाव छापलेले चकचकीत पांढरे पुठ्ठे दिले, आणि आमचे खाकी याने मोलेचा रस्सा शिजत होता त्या चुलीत घातले. लेओकादिया न भांडता सरळ कॅमेऱ्याकडे वळली. तेव्हाच मी ओळखलं, आज काही खरं नाही.

ओतिलिया नाचायला उतरली तशी लेओकादियाने ऑटो बंद केलं आणि उजेड म्हातारीच्या चेहऱ्यावर जुळवला. पुठ्ठ्यावरची फेर्मिनच्या नावाची जाड अक्षरं राहिली, गादीवाल्याचं फिकट निळं नाव मात्र पार उडालं. अबुंदिओ धावत आला.

"दुकानाचं नाव दिसत नाहीये! तो माणूस फोन करतोय मला!"

"त्याची आई नाचतेय का इथे?"

"उजेड कमी कर म्हणतोय ना!"

"नाही करत. आणि तुझ्या त्या मशीनचा धूर बंद कर आधी. घराला आग लागल्यासारखं दिसतंय सगळं!"

तो माईककडे गेला. "मंडळी, आजपासून लेओकादिया कॅमेऱ्यावर नाही. टाळ्या!" आणि लोकांनी वाजवल्या. ज्यांची तोंडं ती त्यांच्या पोरांना दाखवत आली, त्यांनीच. मला त्या टाळ्या अजून पचलेल्या नाहीत.

ती हलली नाही. ओतिलियाचा चेहरा तिने पडदाभर घेतला. गालफडं बसलेली, पुढचे दात गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली. माझ्या फोनवर बघणाऱ्यांची वाक्यं सरकत होती. त्यात फेर्मिन आला. "आई इतकी वाळली कशाने?"

मी ते लेओकादियाला दाखवलं. माझा फोन हिसकून तिने लिहिलं, "मला काय विचारतोस, गाढवा? तिला फोन कर."

मग ती कॅमेऱ्याच्या माचावरून खाली उतरली, गर्दीत घुसली, म्हातारीच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि ओरडली, "फोन कुठाय तुझा? हातात धर. वाजलेला कळणार नाही, थरथरेल तो!"

बिचारीला काही उमगेना. फोन मुठीत दाबून ती नाचणाऱ्यांच्या मधोमध उभी राहिली. लोक तिला धक्के देऊन पुढे जात होते, आणि मग तिचा हात कानाला गेला. एवढ्या आवाजात तिला काय ऐकू येणार! ती जीव तोडून ओरडत होती, पण आम्हाला नुसते ओठ दिसत होते.

"आवाज बंद कर!" लेओकादिया अबुंदिओवर खेकसली. त्याने उलट वाढवला. ती तडक जनरेटरपाशी गेली आणि तो बंद करून टाकला.

रस्ता गप्प झाला. ओतिलियाला ते कळलंच नाही, ती तशीच ओरडत राहिली, आणि सगळ्या वस्तीने ऐकलं:

"तू माझाच आहेस रे, मेल्या! चुकीचं बोलले मी!"