बाईने शिवलेली सहा झबली

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी आजही मान वर करून सांगतो. पण त्या पदवीच्या तोऱ्यात एक गोष्ट केली, ती सांगताना मान वर राहत नाही.

थोरली मुलगी झाली तेव्हा मी नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होतो. बारशाला माझी मोठी बहीण खाप्याहून आली. तिला आम्ही बाई म्हणायचो. आई शेतात जायची, त्यामुळे मला कडेवर घेऊन वाढवलं ते बाईनंच. तिनं पिशवीतून सहा झबली काढली. स्वतःच्या जुन्या लुगड्याची, हातानं शिवलेली. वर्षानुवर्षं धुऊन ते लुगडं सायीसारखं मऊ झालेलं.

समोरच्या खोलीत कचेरीतली मंडळी बसली होती, साहेबसुद्धा. मी एक झबलं उचललं, इकडून तिकडून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "बाई, हे तर उलटं शिवलंस!"

मंडळी हसली.

"उलटं नाही गा भाऊ. शिवण मुद्दाम बाहेर ठेवली. आतून राहिली तं पोट्टीच्या अंगाले टोचते."

तिथं गप्प बसायला हवं होतं. पण साहेबांना आमचं खेडं दिसू नये, याचीच मला घाई. म्हणालो, "माझी मुलगी काय जुन्या लुगड्यांवर वाढणार? गेले ते दिवस." आणि बर्डीच्या बाजारातून आणलेला नायलॉनचा झालरीचा फ्रॉक सगळ्यांना दाखवला. बाईनं झबल्यांच्या घड्या घातल्या आणि फळीवर ठेवून दिल्या.

मे महिना होता. दोन दिवसांत मुलीची मान आणि काखा घामोळ्यांनी लालभडक झाल्या. ती रडायची, बायको माझ्याकडे बघायची, आणि मी फ्रॉकच घालायला लावायचो. मी कचेरीत गेलो की बाई आणि बायको तिला झबलं घालायच्या, मग पोर गाढ झोपायची. संध्याकाळी माझ्या सायकलची घंटी वाजली की पुन्हा फ्रॉक. हे कळलं तेव्हा मी आतून पेटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरचं एक झबलं घेतलं आणि अंगणात सायकलची चेन पुसायला बसलो. फडकं समजून घेतलं, असं मी नंतर बायकोला सांगितलं. साफ खोटं. हातात काय आहे ते मला पक्कं माहीत होतं.

बाई नळावरून घागर घेऊन आली. थांबली.

"काहून गा भाऊ," ती म्हणाली, "सायकलले टोचून राहिलं होतं का काही?"

शेजारच्या काकू खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, बहीणभावाची थट्टा चालली आहे. बाई हसली नाही. मी चेन पुसतच राहिलो. हात थांबवला असता तर वर बघावं लागलं असतं.

दुपारच्या गाडीनं ती गेली. राहिलेली पाच झबली मुलीनं पार विरेपर्यंत वापरली, माझ्या डोळ्यांदेखत. पण ते मी बाईला कधी कळवलं नाही. पत्र लिहायचं तर तिला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार, आणि मग माझी लाज खाप्यात चारचौघांत जाणार. एवढ्यासाठी या बी.ए.ला चार ओळी लिहिता आल्या नाहीत.

तीन वर्षांनी मुलगा झाला. बाई आली. ती पिशवीत हात घालत होती तेव्हा माझे डोळे तिच्या हाताकडेच होते. तिनं पुठ्ठ्याचा खोका काढला. आत दुकानातला कडक, चकचकीत सूट.

"पाह्य गा भाऊ, नवा कोरा आहे. तुले आवडन असाच आणला."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मलाही काही बोलता आलं असतं. तिनं खरोखरच माझी आवड लक्षात ठेवली होती.

"छान आहे," मी म्हणालो. तिचं एखादं जुनं लुगडं मागावं, असं फार वाटलं. पण कोणत्या तोंडानं मागणार होतो?